मण्यार चावली, दोष सटवाईला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जिचं भरभरून कौतुक छापून आलं, ती कादंबरी वाचून निराशा झाली. नाव परीक्षणात आहेच, इथे परत देत नाही. शिरपूर तालुक्यातलं सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, पावसाळी रात्र, मळ्यातल्या खोलीत जमिनीवर गोधडी टाकून झोपलेला तिशीतला शेतकरी आणि त्याला चावलेली मण्यार. पुढची 250 पानं त्याची बायको एकाच गोष्टीशी झगडते: पाचवीच्या रात्री सटवाईने हेच लिहून ठेवलं होतं का? विषय जबरदस्त. पण सटवाईच्या नावावर खपवलेलं बरंचसं लेखकाने कुणाला न विचारता लिहिलेलं आहे.

मण्यार चावताच हा माणूस किंचाळून उठतो, पाय मांडीपर्यंत सुजतो, हिरड्यांतून रक्त येतं. ही लक्षणं घोणशीची. मण्यारीचे दात बारीक, झोपेत दंश बहुतेकदा कळतही नाही. सूज जवळपास नाही, रक्त नाही, कधी खूणसुद्धा सापडत नाही. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, ओकतो, घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होतात, थुंकी गिळवत नाही, आवाज बसतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. शुद्ध मात्र बऱ्याचदा शाबूत असते. पापणी उचलत नाही, बोट हलत नाही, आणि गेला गेला म्हणून भोवती चाललेली रडारड ऐकू येते आहे! मरणावर कादंबरी लिहिणाऱ्याला याहून भीषण काय हवं होतं? हे हातचं टाकून त्याने हिरड्यांचं रक्त घेतलं.

मग भाऊ नायलॉनची दोरी करकचून आवळतो, ब्लेडने जखम चिरतो, आणि भगताची वाट बघत रात्र जाते. लेखक हे मायेने रंगवतो. दोरीने खालचं मांस काळं पडतं, आणि ती एकदम सोडली तर अडलेलं विष एका दमात अंगात जातं. चिरल्याने विष निघत नाही, माणसाचं रक्त तेवढं जातं. करायचं थोडकंच: पाय काठीला बांधून स्थिर ठेवायचा (काठी बांधायची, नस आवळायची नाही), माणसाला चालू द्यायचं नाही आणि 108 ला फोन करायचा, नाहीतर मिळेल ती गाडी.

दवाखान्याचा प्रसंग तर दीड पानात उरकला आहे. डॉक्टर एक इंजेक्शन देऊन हात वर करतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच लस (म्हणजे प्रतिविष) चालते. सुरुवातच 8 ते 10 कुप्यांनी होते, प्रत्येक कुपी 10 मिलीची, सलाईनमधून तासाभरात. मुलालाही तेवढीच, कारण साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही. मण्यारीत उशीर झाला असेल तर लस देऊनही लकवा लगेच उतरत नाही. तेव्हा श्वास बाहेरून चालवावा लागतो, व्हेंटिलेटर मिळेपर्यंत हाताने हवेची पिशवी दाबून. शिरपूरहून धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय पन्नासेक किलोमीटर. तेवढ्या वाटेत पिशवी दाबणारा हात थकतो की नाही, यात नियती दाखवता आली असती. आम्ही ती वाचलीही असती.

प्रेत सकाळी परस्पर जाळलं जातं. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखलाही नाही. पुढे विधवेच्या हाती छदाम येत नाही, तेही नशीबच! गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला 2 लाख रुपये मिळतात, पण साप चावूनच गेला हे कागदावर लागतं. तो कागद राहून गेला एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर त्या बाईचं दुःख दुप्पट खरं वाटलं असतं.

आखाजीचंही (अक्षय्य तृतीयेचंही) तसंच. झोके आहेत, गौराईची गाणी आहेत. घागर नाही. घरात वर्षाच्या आत माणूस गेलेला असताना खान्देशातल्या घरात पाण्याने भरलेली घागर, वर खरबूज, आंबा, सांजोरी आणि निखाऱ्यावर टाकलेला घास याशिवाय आखाजी होत नाही. ही बाई मात्र झोक्याकडे बघत उसासे टाकते.

भाषा ओघवती आहे, ते मान्य. दुसरी आवृत्ती निघणार असेल तर लेखकाने बाकी काही बदललं नाही तरी चालेल, तेवढी पायाची दोरी सोडावी. पुस्तकात वाचलेलं लोक शेतात करून बघतात.

आपला,
एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)