आधी सुई हलू द्या, मग हाताचे नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा म्हणजे माझं पोट आहे. तासगाव तालुक्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. द्राक्षबागांच्या विहिरींवरच्या, पिठाच्या गिरण्यांच्या, कडबाकुट्टीच्या जळालेल्या मोटारी आमच्याकडे येतात. संध्याकाळी गल्लीतली दहावीची पोरं दुकानात टेकतात. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम त्यांना तोंडपाठ आहे: तर्जनी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट म्हणजे विद्युतधारा, अंगठा म्हणजे बल. पण तारेतून करंट गेल्यावर चुंबकसूची हललेली कुणी पाहिली आहे का, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, “काका, सरांनी दाखवलं होतं, पण हललीच नाही. सेल उतरला होता म्हणाले.”

सेल उतरलेला नसणार. बहुतेक तार सुईवर आडवी, म्हणजे पूर्व-पश्चिम धरली असणार. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तारेला काटकोनात असतं. तार आडवी धरली की ते क्षेत्र दक्षिणोत्तरच पडतं आणि सुई तर आधीच त्या रेषेत उभी असते, मग ती वळेल कशाला? तार सुईच्या वर, सुईच्याच दिशेनं धरली की सुई बाजूला होते. हिशेबही सोपा आहे. आपल्या भागात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग साधारण ४० मायक्रोटेस्ला. एक अँपिअर करंट वाहणाऱ्या सरळ तारेपासून एक सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला मिळतात. म्हणजे सुई पंचवीस-तीस अंश वळायलाच हवी. पेन्सिल सेलला जाड तार क्षणभर टेकवली तरी एवढा करंट मिळतो. क्षणभरच, कारण तार आणि सेल दोन्ही तापतात. १८२० साली कोपनहेगनमध्ये ऑर्स्टेडनं हेच पाहिलं आणि त्यावर त्यानं चार पानांचं लॅटिन टिपण छापलं. तोवर वीज वेगळी आणि चुंबक वेगळा, असाच बहुतेकांचा समज होता. फ्लेमिंगचे हाताचे नियम त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले, विद्यार्थ्यांना दिशा लक्षात राहावी म्हणून. आपण मात्र नियम आधी देतो, आणि सुई कधीच देत नाही.

पुस्तकात तारेभोवती वर्तुळं काढलेली असतात. पोरांना ती चित्रकाराची कल्पना वाटतात. आमचं रोजचं काम त्या वर्तुळांवर चालतं. टाँग टेस्टर प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असतो. त्याचा जबडा उघडायचा, एक वायर आत घ्यायची, जबडा मिटायचा, की वायरीला न कापता, न सोलता अँपिअर दिसतात. तो जबडा म्हणजे पुस्तकातलं वर्तुळच, फक्त लोखंडाचं. तारेभोवतीचं क्षेत्र तो गोळा करतो. एसी करंट सारखा बदलत असल्यामुळे त्यावर गुंडाळलेल्या कॉइलमध्ये प्रवर्तनानं, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे, करंट तयार होतो आणि तो मोजला जातो. आता गंमत बघा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकदम जबड्यात घेतल्या की आकडा शून्य. मोटार चालू, बल्ब चालू, आणि टेस्टर म्हणतो काहीच नाही! जाणारा आणि येणारा करंट सारखाच, दिशा उलट, म्हणून दोन्ही क्षेत्रं एकमेकांना मारतात. हे बघितल्यावर एक पोरगा अर्धा तास टेस्टर सोडायला तयार नव्हता. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम (अंगठा करंटच्या दिशेला, तर वळलेली बोटं क्षेत्राच्या दिशेला) त्याला मग कुणी समजावून सांगावा लागला नाही.

दुसरी अडचण मोटारीची. पुस्तकातल्या मोटारीत चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये आयताकृती कॉइल असते, दोन भागांत चिरलेली कडी आणि त्याला घासणारे ब्रश असतात. चित्र बरोबर आहे, पण शेतकऱ्याच्या पोराला ती मोटार कुठेच भेटत नाही. विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटारीत ब्रश नाहीत, कडी नाही, कायमचा चुंबक नाही. रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, बाहेरून एकही वायर जात नाही. स्टेटरचं, म्हणजे भोवतीच्या स्थिर भागाचं, चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं, त्यामुळे रोटरच्या दांड्यांत प्रवर्तनानं करंट येतो आणि त्या करंटवर बल लागून रोटर क्षेत्रामागे धावतो. एक फेज गेला तर क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी धडधडतं. बंद मोटार मग नुसती हुंकारते, कॉइल तापतात आणि ती माझ्या दुकानात येते. लाइनचं काम झाल्यावर दोन फेज आलटून-पालटून लागले की पंप उलटा फिरतो, पाणी मार खातं आणि शेतकरी स्टार्टरवरच्या दोन वायरी बदलून टाकतो. हे आमच्याकडे न शिकलेल्या माणसालाही ठाऊक आहे, पण दहावीच्या उत्तरपत्रिकेत त्याला जागा नाही. पुस्तकातल्यासारखे ब्रश आणि कडी बघायचीच असेल तर बंद पडलेला मिक्सर उघडा. त्यातला कार्बन झिजलेला सापडेल.

नवीन वाइंडिंग भरल्यावर जोडणी बरोबर आहे का, हे तपासायला आम्ही होकायंत्रच वापरतो. परवा गिरणीची १४४० फेऱ्यांची मोटार होती, म्हणजे चार ध्रुवांची. एका फेजला बॅटरीचा डीसी दिला आणि होकायंत्र स्टेटरच्या पोटातून आतल्या कडेनं गोल फिरवलं. सुई उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण अशी कॉइलच्या प्रत्येक गटाला उलटली पाहिजे. तिसऱ्या गटाला ती उलटलीच नाही. कॉइलच्या त्या गटाची दोन टोकं उलटी जोडली गेली होती. वार्निश घालायच्या आधी सापडलं म्हणून बरं. तिथं बसलेल्या दहावीच्या मुलीनं विचारलं, “म्हणजे नालकुंतलाचे, त्या गुंडाळलेल्या तारेच्या कॉइलचे, ध्रुव असे ओळखायचे?” हो बाळा, असेच.

महाराष्ट्रातच या धड्याचं केवढं मोठं उदाहरण आहे! मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटनं नोंदी बिघडतील हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी काम अलिबागला हलवलं. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, मग कुलाब्याच्या बंद केल्या. १९०७ साली विजेची ट्राम धावली. दरवर्षी किती शाळांच्या सहली अलिबागला जातात! किल्ला आणि समुद्र बघून येतात.

माझं मागणं थोडकं आहे. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला २० गुण आहेत. त्यातले दोन तरी मुलानं स्वतः सेल, तार आणि होकायंत्र घेऊन सुई हलवून दाखवण्याला ठेवावेत, आणि तार आडवी धरल्यावर ती का हलत नाही हे तोंडी विचारावं. घरच्या लाइटीला हात लावायचं कारणच नाही. आणि शिक्षकांनी धडा शिकवताना वर्ग घेऊन जवळच्या रिवाइंडिंगच्या दुकानात यावं. असं दुकान बहुतेक प्रत्येक बाजाराच्या गावात आहे. उन्हाळ्यात मात्र येऊ नका, तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नसते. पावसाळ्यात विहिरी भरलेल्या असतात, मोटारी कमी येतात, आणि हा चौथा धडाही साधारण तेव्हाच लागतो. आमच्याकडे यायचं तर बाजाराचा दिवस सोडून या, आणि एका वेळी दहा-बाराच पोरं आणा. दुकान लहान आहे.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला,
ता. तासगाव, जि. सांगली