बंद खोलीतलं पीक

कॅनडा
8 फेब्रुवारी

तीर्थरूप आण्णांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही तीनदा ‘ते पीक’ म्हणालात. गांजा हा शब्द काही तोंडून निघाला नाही. जवळ कोणी बसलेलं असणार. आईला वाटतंय मी कुठल्या तरी अड्ड्यावर कामाला आहे, आणि दादाला वाटतंय पोरीची मजा चाललीय. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. दोघांनाही वाचून दाखवा.

आधी आईसाठी. इथे 17 ऑक्टोबर 2018 पासून हे पीक कायद्यात बसतं. आमच्याकडे सरकारी परवाना आहे, झाडांची नोंद ठेवावी लागते, आणि माझं काम म्हणजे तुम्ही द्राक्षबागेत करता तेच: पानं उलटून बघणं, पाणी देणं, कीड दिसली की ओरडणं. आता दादासाठी. गमतीतसुद्धा बी मागू नकोस. तिकडे 1985 चा अमली पदार्थांचा कायदा आहे, परवान्याशिवाय लागवड केली तर 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि इथून बी पाठवणं हाही गुन्हाच.

आण्णा, आमच्या खोलीला खिडकी नाही. पांढऱ्या भिंती, वर एलईडी दिव्यांच्या रांगा, कोपऱ्यांत पंखे, खाली कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, कुंड्या. पहिल्या महिन्यात वाटलं होतं, गारपीट नाही, अवकाळी नाही, निम्मी डोकेदुखी गेली. झालं उलटंच. शेतात एक पाऊस पडला की पानांवरचा लाल कोळी धुऊन निघतो, मावा आला की मागोमाग ढालकिडे येतात, जास्तीचं पाणी जमीन ओढून घेते आणि वास वाऱ्यावर जातो. खोलीत यातलं काही आपसूक होत नाही. निसर्ग जे फुकटात करतो ते सगळं इथे आम्हाला करावं लागतं, आणि त्यात मी पहिली माती खाल्ली ती पाण्यात.

छोटी रोपं मोठ्या कुंडीत लावलेली होती. वरचा थर सकाळी कोरडा दिसायचा, म्हणून मी रोज पाणी घालायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी पानं खाली वाकली. मला वाटलं तहान लागली, आणखी घातलं. आमची मुख्य बाई आली, काही बोलली नाही, तिने एक कुंडी उचलून माझ्या हातात दिली. घागरीएवढी जड! तहानलेलं पान लुळं, कागदासारखं पातळ लागतं. पाणी जास्त झालेलं पान जाड, टणक असतं आणि देठापासून खाली वळतं. दोन्ही दुरून सारखीच दिसतात, हात लावल्यावर फरक कळतो.

मी तिला वाफसा समजावून सांगितला. म्हटलं, आमच्याकडे याला एक शब्द आहे: माती ओलीही आहे आणि तिच्यात हवाही आहे, ती अवस्था. इतकी वर्षं हे काम करूनही तिच्याकडे त्याला नेमका शब्द नव्हता. ती आता ‘वॅपसा’ म्हणते. मी सुधारायचा नाद सोडला आहे.

आता आम्ही कुंड्या तोलतो. भरपूर पाणी पिऊन निथळलेल्या कुंडीचं वजन एका पाटीवर लिहिलेलं असतं, त्यावरून किती उतरलं ते बघून पुढचं पाणी. दिलं की खालून दहा ते वीस टक्के निचरा होईल इतकं द्यायचं, कारण खतं रोज पाण्यातूनच जातात आणि क्षार साठले तर मुळं जळतात. निचऱ्याच्या पाण्याचा सामू (आंबटपणाचं माप) आणि ईसी (क्षारांचं माप) रोज वहीत. कोकोपीटमध्ये सामू 5.8 ते 6.2 च्या आत ठेवतो. लहान रोपाला मात्र खोडाभोवती थोडंच, सगळी कुंडी भिजवायची नाही. आणि दिवे बंद व्हायच्या आधी दोन-तीन तास पाणी बंद. का, ते सांगते.

झाड पिते त्यातलं फार तर दोन-तीन टक्के पाणी स्वतःत ठेवतं, बाकी सगळं पानांतून हवेत सोडतं. शेतात त्याचा विचार कोण करतो? इथे खोलीत शेकडो झाडं एकदम श्वास टाकतात. जे पाणी मी दिवसभर घातलं त्यातलं बहुतेक ओलावा ओढणाऱ्या यंत्राच्या नळीतून परत बाहेर येतं. दिवे मालवले की हवा गार होते आणि त्याच हवेतला ओलावा एकदम वर चढतो. कुंड्या त्या वेळी चिंब असतील तर फुलांवर दव धरलंच समजा. आणि या झाडाची फुलं म्हणजे गच्च घड. तुम्हाला माहीत आहे, आवळलेल्या घडात आतला एक मणी सडला की बाहेरून पत्ता लागत नाही. इथेही तसंच. फूल सुरेख दिसतं, फक्त एक बारीक पान पिवळं पडलेलं असतं. ते चिमटीत धरून ओढलं की लोण्यातून सुरी निघावी तसं सहज निघून येतं, आणि आत राखाडी बुरशी. म्हणून शेवटच्या आठवड्यांत हवेतला ओलावा 45 ते 50 टक्क्यांच्या आसपास दाबून ठेवतो.

माझ्या त्या पाणीप्रेमातून दुसरं एक संकट उभं राहिलं. ओल्या कोकोपीटवर बारीक काळ्या माश्या उडायला लागल्या, चिलटांसारख्या. उडणारी माशी काही करत नाही, वरच्या दोन बोटं थरातल्या तिच्या अळ्या बुरशी खाता खाता कोवळी मुळंही खातात. मोजायची युक्ती गमतीची आहे: बटाट्याची चकती कुंडीवर ठेवायची, दोन दिवसांनी उलटून बघायची. अळ्या तिच्या खाली गोळा होतात. माझ्या चकत्यांखाली जत्रा भरली होती. पिवळे चिकट सापळे लावले, पाण्यातून सूत्रकृमी सोडले. हो आण्णा, सूत्रकृमी! तुम्ही ज्यांच्या नावाने बोटं मोडता त्यांच्यातलीच एक जात, ही मुळांना हात लावत नाही, अळीत शिरून तिला मारते. पण खरं औषध म्हणजे वरचा थर सुकू देणं. माशीची एक पिढी तीन-चार आठवड्यांत पुरी होते, त्यामुळे एकदा सोडून भागत नाही. दोन महिने मी त्या बटाट्यांची राखण केली.

लाल कोळ्याची गोष्ट मात्र वेगळी, त्याने मला खरं शिकवलं. इथला तो दोन ठिपक्यांचा. अर्धा मिलिमीटर असेल नसेल. पानावर आधी सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके येतात, खालच्या बाजूला तो असतो, आणि जाळं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उबेत अंड्यातून निघून स्वतः अंडी घालण्याएवढा व्हायला त्याला जेमतेम आठवडा लागतो. तुम्ही दिलेलं पितळी भिंग मी गळ्यात घालून फिरते. सगळे हसतात, पण सगळेच मागून नेतात.

तुम्ही म्हणाल, एक फवारणी मारा की. इथेच अडतं. द्राक्ष धुता येतं. हा माल लोक जाळून छातीत ओढतात. भुरीवर, त्या पांढऱ्या बुरशीवर, तुम्ही मायक्लोब्युटॅनिल मारता ना, ते तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. 2016-17 च्या सुमारास इथे काही उत्पादकांच्या मालात ते सापडलं आणि माल परत मागवावा लागला. आता आमच्या हातात मोजकीच औषधं आहेत: पोटॅशियम बायकार्बोनेट, कीटकनाशक साबण, ब्युव्हेरिया (किडी मारणारी बुरशी), अशी. आणि फूल धरल्यावर त्यांनाही आम्ही हात लावत नाही. उरले मित्रकीटक. ते कुरिअरने येतात! कोंड्यात घोळलेले, बर्फाच्या पिशव्यांसोबत डब्यात. फुलकिडे खाणारे मित्रकोळी छोट्या पुड्यांत येतात. पुडी फांदीला अडकवायची, त्यातून ते कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतात.

लाल कोळ्याचा खास शिकारी आहे, फायटोसेयुलस. नारिंगी, चपळ, दुसरं काही खात नाही, कोळी संपले की उपाशी मरतो. गेल्या वर्षी फुलांच्या खोलीत कोळी दिसला, आम्ही याचे डबे मागवले, मोठ्या आशेने सोडले. आठवड्याने भिंग लावलं तर कोळी जसाच्या तसा, आणि शिकाऱ्याची अंडी सुकून गेलेली. त्याच्या अंड्यांना 60 टक्क्यांच्या वर ओलावा लागतो, आणि आम्ही तर बुरशीच्या भीतीने खोली कोरडी ठणठणीत ठेवली होती. कोळ्याला नेमकं तेच हवं होतं. म्हणजे बुरशीपासून वाचायला जी हवा करायची, ती शत्रूच्या सोयीची आणि मित्राच्या मुळावर येणारी.

त्या रात्री झोप लागली नाही. मग हिशेब जुळला: लढाई फुलांच्या खोलीत लढायचीच नाही. जिथे झाडं अजून पानांवर असतात, फुलं आलेली नसतात, तिथला ओलावा 60-65 टक्के चालतो, शिकारी तिथे सुखाने नांदतो. कोळी तिथेच संपवायचा आणि स्वच्छ झाड पुढे न्यायचं. फुलांच्या खोलीत कोरडी हवा सोसणारी दुसरी जात सोडायची, तीही कीड दिसण्याआधी. तेव्हापासून जाळं पाहिलं नाही. आणि आमच्यापैकी कोणी घरी कुंडी ठेवत नाही, कारण कीड बहुतेक वेळा आपल्याच बाहीवर बसून येते. घरातल्या एका पुदिन्यावर मी पाणी सोडलं ते त्यामुळे.

राहिला वास. तो मला आता येत नाही, नाक मेलंय. पहिल्या आठवड्यात बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली तेव्हा कळलं. आता अंगभर पोशाख तिथेच उतरवून, आंघोळ करून निघते. या वासात आंब्याच्या, लिंबाच्या, मिऱ्याच्या ओळखीच्या छटा आहेत. तीच टर्पिनं, म्हणजे वासाची द्रव्यं, त्यांच्यातही असतात. पण डोकं उठवणारा जो उग्र दर्प आहे तो त्यांचा नाही. तो गंधकाच्या संयुगांचा, हे 2021 मध्ये संशोधकांनी दाखवलं. अगदी कणभर असली तरी नाकाला कळतात. म्हणून वर सुगंधी फवारे मारून काही होत नाही, दोन वास मिळून तिसरा वाईट होतो. ओझोनचं यंत्र लावा असं एकाने सुचवलं होतं. फुप्फुसाला वाईट, पानं जाळतं. मी नाही म्हटलं.

वास अडवायचा तर सक्रिय कोळसा. नारळाच्या करवंटीपासून करतात! एका ग्रॅमच्या छिद्रांचा पृष्ठभाग मोजला तर हजारएक चौरस मीटर भरतो, आणि वासाचे कण त्या भिंतींना चिकटून बसतात. खोलीतली सगळी हवा या कोळशातूनच बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर खेचली जाणारी जास्त हवी, म्हणजे फटीतून हवा आत येते, बाहेर जात नाही. दाराखाली टिश्यूची पट्टी धरायची: आत ओढली गेली तर ठीक.

आमच्या इमारतीतल्या एकाने घरी कपाटाएवढ्या तंबूत चार झाडं लावली आहेत. बहुतेक प्रांतांत घरटी चार चालतात. जिन्यात वास येतो म्हणून शेजारी वैतागले, तर तो मला विचारायला आला, कोळसा तर नवा आहे. जाऊन बघते तो तंबू फुग्यासारखा फुगलेला. पंखा उलटा लावला होता, हवा आत कोंबत होता! तंबूचं पोट नेहमी आत गेलेलं हवं. पंखा फिरवला, दुसऱ्या दिवशी जिना शांत.

आमचा घोळ जरा अवघड होता. डिसेंबरात शेजारच्या कारखान्यातून वासाची तक्रार आली. कोळसा बदलायची वेळ झाली नव्हती, तरी बदलला. चार दिवसांत पुन्हा तेच. शेवटी मी हवा बाहेर नेणाऱ्या नळकांड्याला हात लावला तर ते ओलं! आतल्या उबदार दमट हवेतली वाफ बाहेरच्या थंडीने पाणी होत होती, आणि ते ठिबकत होतं कोळशावर. ओल्या कोळशाच्या छिद्रांत आधी पाणीच बसतं, वासाला जागा उरत नाही. नळकांड्यावर जाड वेष्टण घातलं, ओलावा ओढणारं यंत्र एक वाढवलं. म्हणजे वासाचं दुखणंही फिरून पाण्यावरच आलं.

आता निघते, आज रात्रपाळी आहे. फुलांच्या झाडांचा 12 तासांचा अंधार मोडायचा नसतो, म्हणून मंद हिरवा दिवा घेऊन ओलाव्याचे आकडे बघत फिरायचं. भिंगाची दांडी ढिली झाली आहे, पुढच्या खेपेला आणते, तुमच्या हाताने आवळून द्या. आणि खालच्या बांधाकडच्या वेलींवर भुरी अजून आहे का, तेही कळवा.

आईला नमस्कार, दादाला आशीर्वाद नाही, दम द्या.

तुमची,
सोनी