घरच्या निंबोळी अर्काची ताकद मोजून मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगोला तालुक्यात माण नदीच्या काठच्या एका गावात आमची चार एकर डाळिंबाची बाग आहे. जमीन मुरमाड, पाणी बोअरचं आणि शेततळ्याचं. मालक गेल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, बाग मी आणि माझा मुलगा पाहतो. आता पंधरा-वीस दिवसांत बांधावरच्या कडुनिंबाच्या लिंबोळ्या गळायला लागतील, बायका पाट्या घेऊन वेचायला येतील आणि यंदाही आम्ही किडीवर फवारायला त्यांचा अर्क करू. त्या अर्कात ताकद किती, हे मात्र यंदाही आम्हाला कळणार नाही. त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. मातीची तपासणी होते, पाण्याची होते, द्राक्षवाल्यांच्या पानदेठाचीही होते. तशीच शेतकऱ्यानं घरी केलेल्या वनस्पतिजन्य अर्काची तपासणी सोलापूर जिल्ह्यात परवडेल अशा दरात व्हावी, ही माझी मागणी आहे.

लिंबोळीचं काम मी सासूबाईंकडून शिकले. पिवळी होऊन पडलेलीच उचलायची, फांदीवरून हिरवी ओरबाडायची नाही. गर त्याच दिवशी चोळून धुऊन टाकायचा आणि बिया उन्हात न घालता पडवीत पसरायच्या. वाळल्या की गोणपाटाच्या पोत्यात भरायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. एखादी फोडून बघायची: आतला मगज हिरवट असला तर चांगली, तपकिरी पडला असला तर ती पाटी बाजूला. असं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना शाळा नव्हती, पण त्यांच्या पोत्यातल्या लिंबोळीला बुरशी लागलेली मी पाहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी मृग बहराला फुलकिड्यांसाठी मी पाच टक्क्यांचा अर्क केला. पाच किलो लिंबोळी कुटून रात्रभर भिजवली, सकाळी फडक्यातून पिळून गाळली, २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवून घातला आणि पाणी घालून १०० लिटर केलं. ढवळल्यावर ताकासारखा पांढरा फेस आला आणि कडू वास दिवसभर हाताचा गेला नाही. आठवडाभरात कोवळ्या शेंड्यांवरचे फुलकिडे कमी झाले आणि त्या बहराची फळं अंगानं स्वच्छ निघाली. पुढच्या वर्षी तीच कृती, तोच ड्रम, तोच पंप. काहीच फरक पडला नाही. फळांवर खरवडल्यासारखे चट्टे पडले आणि निम्मा माल दुसऱ्या प्रतीत गेला.

काय चुकलं ते शोधताना तीन गोष्टी हाती लागल्या. पहिल्या वर्षीच्या लिंबोळ्या घरच्या होत्या. दुसऱ्या वर्षीच्या मी विकत घेतल्या होत्या आणि त्या पावसात भिजलेल्या होत्या, पोत्याच्या तळाशी काळी बुरशी होती. दुसरी गोष्ट पाण्याची. पहिल्या वर्षी शेततळ्यातलं पावसाचं पाणी वापरलं होतं, दुसऱ्या वर्षी बोअरचं. आमच्या बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर आहे, आणि लिंबोळीतलं मुख्य द्रव्य, अझाडिरेक्टिन, अशा अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडतं. किंचित आंबट पाण्यात ते टिकतं. तिसरी गोष्ट उन्हाची. ते उन्हानंही मोडतं, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. दुसऱ्या वर्षी मजूर मिळेनात म्हणून आम्ही सकाळी दहाला फवारलं. आता या तिघांतलं मुख्य कारण कोणतं? अर्क मुळातच कमजोर होता, पाण्यानं गेला की उन्हानं? बाटलीभर नमुना कुणी मोजून दिला असता तर एका आकड्यात उत्तर मिळालं असतं. एका खासगी प्रयोगशाळेत चौकशी केली. नमुन्याचा दर आणि जाण्यायेण्याचं भाडं धरून खर्च चार एकरांच्या एका फवारणीपेक्षा जास्त होत होता.

अझाडिरेक्टिन काही कालचा शोध नाही. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा सगळं हिरवं फस्त झालं आणि कडुनिंबाची झाडं तेवढी शिल्लक राहिली, हे श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं. पुढं १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये हे द्रव्य बियांमधून वेगळं काढलं गेलं. ते किडीला जागच्या जागी मारत नाही. तिची खाण्याची वासना मारतं आणि कात टाकण्याचं तिचं चक्र बिघडवतं. फवारल्यावर दोन दिवस कीड पानावर तशीच दिसते, म्हणून आमचे लोक धीर सोडतात आणि तिसऱ्या दिवशी जहाल औषध मारतात.

दुकानात हेच द्रव्य मोजून मिळतं. ३०० पीपीएम, १५०० पीपीएम, १०,००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) असं डब्यावर छापलेलं असतं आणि आमच्याकडचा अंगठेबहाद्दरसुद्धा ‘दहा हजारवाला द्या’ म्हणून मागतो. म्हणजे ताकद मोजायची असते हे शेतकऱ्याला नीट कळतं. घरचा अर्क मोजायची सोय नाही, एवढंच. ती नसल्यामुळं काय होतं तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून मी ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ लिहिलेली बाटली आणली. घटकांच्या जागी नुसतं ‘हर्बल अर्क’ होतं. फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फुलकिडे मेलेले दिसले आणि मला आनंद झाला. तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढं निर्यातीसाठी नमुना गेला तेव्हा त्यात आम्ही कधीच न मारलेल्या कीटकनाशकाचा अंश निघाला. व्यापाऱ्यानं माल उचलला नाही, तोच माल इथल्या बाजारात निम्म्या भावानं गेला. माझा मुलगा त्या रात्री जेवला नाही.

केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव-उत्तेजकं, म्हणजे पिकाची वाढ सुधारायला वापरतात ती द्रव्यं, खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि त्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये असं घातलं. नियम चांगला आहे. पण तो पाळला गेला की नाही हे बाटली घेणाऱ्या बाईनं कुठं जाऊन पाहायचं? कडुनिंबाच्या तेलानं बुरशी रोखण्याच्या कृतीवर युरोपात १९९४ साली अमेरिकेच्या कृषी खात्याला आणि तिथल्या एका कंपनीला पेटंट मिळालं होतं. आपल्याकडच्या लोकांनी लढून २००० मध्ये ते रद्द करून घेतलं आणि २००५ मध्ये त्यांचं अपीलही फेटाळलं गेलं. इतकं करून राखलेलं झाड माझ्या बांधावर उभं आहे, आणि त्याच्या बियांत काय आहे ते मला दुकानदाराकडून कळतं.

आता दुसरा विषय, पण मागणी तीच. दीड वर्षापासून आमच्या चिंचेखाली दोन अर्धे कापलेले निळे पिंप आहेत. त्यात काळ्या सैनिक माशीच्या अळ्या आहेत, ज्याला ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणतात. मी त्या विकत आणल्या नाहीत, खरकट्याच्या बादलीत आपोआप आल्या. मी त्या फेकून देणार होते, पण मुलानं ओळखलं. ही माशी घरातल्या माशीसारखी नाही. ती अन्नावर येऊन बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या जिथं माजतात तिथं घरमाशी फारशी वाढत नाही. अंडी ओल्या घाणीत न घालता जवळच्या कोरड्या फटीत घालते, म्हणून आम्ही पिंपाच्या कडेला नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे बांधतो.

भाव पडला की आमच्याकडे कांदा रस्त्याकडेला टाकला जातो. तो सडका कांदा, फुटलेली डाळिंबं, घरचं खरकटं, सगळं त्या पिंपात जातं. ऐन भरात असताना पिंपाशी वाकून उभं राहिलं की पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज येतो. तो हजारो अळ्यांच्या खाण्याचा. वर हात धरला तर ऊब लागते. पंधरा-वीस दिवसांत गच्च भरलेलं पिंप खाली बसतं आणि तळाशी चहापत्तीसारखं काळं, भुसभुशीत खत उरतं. अळीची वाढ पुरी झाली की ती काळी पडते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत वर चढायला लागते. आम्ही पिंपाला तिरकी फळी लावली आहे. रात्रभर अळ्या त्या फळीवरून चढून बाहेरच्या टोपलीत पडतात आणि पहाटे कोंबड्या टोपलीभोवती जमलेल्या असतात. वाळवलेल्या अळीत प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या आसपास असतात आणि कॅल्शियमही भरपूर असतं. आमच्या गावरान कोंबड्यांच्या अंड्याचं कवच पहिल्यापेक्षा जाड झालं, हे अंडी नेणारी बाईच मला म्हणाली.

चुकाही झाल्या. पहिल्या एप्रिलमध्ये पिंपं उन्हात राहिली आणि एका दुपारी सगळ्या अळ्या मेल्या. सोलापूरच्या उन्हात वरून ओलं गोणपाट आणि डोक्यावर सावली हवीच. मुंग्यांसाठी पिंपाखालच्या विटा पाण्याच्या परातीत ठेवाव्या लागतात. डिसेंबरात थंडीनं कारभार मंदावतो. आणि पहिलं खत ताजंच मिरचीच्या रोपांना घातलं तर रोपं करपली. ते आधी महिनाभर मुरू द्यावं लागतं.

पण माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं पिंपाशेजारी बसून मिळणारी नाहीत. पहिला प्रश्न तेल्याचा, म्हणजे डाळिंबावर जिवाणूमुळं पडणाऱ्या डागांच्या रोगाचा. तेल्या पडलेली फळं मी पिंपात घालत नाही, गोळा करून जाळते. एका ओल्या मृगात पाटीमागून पाटी जाळायला लागते, आणि ज्या मुरमाला सेंद्रिय कर्बाची एवढी भूक आहे त्याच मुरमावर उभं राहून मी तो कर्ब धूर करून टाकते. अळीच्या पोटातून गेल्यावर तेल्याचा जिवाणू मरतो की खताबरोबर परत बागेत येतो, याचा प्रयोग आमच्या जिल्ह्यातल्या फळांवर, आमच्या हवेत व्हायला हवा. दुसरा प्रश्न सालीचा. अळ्या दाणे, गर सगळं फस्त करतात आणि साल शेवटपर्यंत ठेवतात. डाळिंबाच्या सालीत टॅनिन खच्चून भरलेलं असतं. पोट बिघडलं की घरोघरी हीच साल उगाळून देतात, कापड पिवळं रंगवायलाही हीच वापरतात. प्रयोगशाळेत सालीच्या अर्कानं जिवाणूंची वाढ रोखल्याचं अनेकदा दिसलं आहे. मग जे अळीला नको ते वेगळं वाळवून त्याचा फवारा करता येईल का? दाणे काढून विकणाऱ्यांकडं सालीचे ढीग पडतात आणि फळाच्या वजनातला मोठा वाटा सालीचाच असतो.

शहरातला कचरा अळ्यांना घालण्याचं बोलणंही आता ऐकू येतं. तिथं तर मोजमाप पहिल्या दिवसापासून हवं. कॅडमियमसारखा जड धातू कचऱ्यात असला तर तो अळीच्या अंगात साठतो, तिथून कोंबडीत आणि माणसात. युरोपीय महासंघानं २०१७ मध्ये माशांच्या आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकांची प्रथिनं चालवून घेतली, पण अळीला काय चारायचं यावर कडक बंधनं ठेवली. हॉटेलचं खरकटं तिथं चालत नाही. आपल्याकडे आधी पिंपं वाटून टाकू आणि मग पाहू, असं होऊ नये.

सोलापूरला संशोधनाची उणीव नाही. कोरडवाहू शेतीचं संशोधन इथं १९३३ पासून चालू आहे. मालदांडी ३५-१ ज्वारी मोहोळची. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, ‘सोलापूर लाल’ हे वाण तिथलंच. जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत, विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवलं जातं. अझाडिरेक्टिन मोजायला एचपीएलसी नावाचं यंत्र आणि ते चालवणारा जाणकार लागतो. वर्षभर यंत्र अडकवून ठेवा असं मी म्हणत नाही. जून ते सप्टेंबर, आठवड्यातला एक दिवस शेतकऱ्यांच्या नमुन्यांसाठी ठेवावा. माती परीक्षणासारखी पावती फाडावी, कागदावर तीन ओळी द्याव्या: किती पीपीएम, पाण्याचा सामू किती, दुसऱ्या कीटकनाशकाचा अंश आहे का. पहिल्या हंगामात शंभर जणांनी नमुने दिले तरी कुणाची लिंबोळी, कुठल्या मातीतली, कशी वाळवलेली चांगली निघते याचा जिल्ह्याचा हिशोब तयार होईल. तो हिशोब मग गावच्या चावडीवर लावावा.

सासूबाईंच्या पद्धतीनं पडवीत वाळवलेल्या गेल्या वर्षीच्या लिंबोळ्यांचं अर्धं पोतं मी न वापरता ठेवलं आहे. यंदाच्या निघाल्या की दोन्हींचा अर्क एकाच दिवशी, शेततळ्याच्याच पाण्यात करीन आणि दोन बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून माठाशेजारी ठेवीन. कुठल्याही संस्थेनं आपल्या वृत्तपत्रातून कळवलं की त्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं मी त्या घेऊन येते.

आपली,
एक डाळिंब उत्पादक शेतकरी,
ता. सांगोला, जि. सोलापूर