योगशिक्षकांनाही शिकू द्या: पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री,
सिंधुदुर्ग जिल्हा, यांस

सादर नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यात अकरा वर्षं योगवर्ग घेते. सकाळी देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपण आहात, म्हणून आपल्यालाच लिहिते आहे.

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला मासळी विकणाऱ्या बायका येतात. काजू कारखान्यात दिवसभर एकाच जागी बसून काम करणाऱ्या येतात. पावसाळ्यात भाताचा तरवा (रोपं) काढून, लावणी करून कंबर धरलेल्या येतात. चार वर्षांपूर्वी त्यांतल्या एक मावशी मला म्हणाल्या, "बाय, बसाक जमता, पण उठाक जमणा नाय." मी त्यांना वज्रासन दिलं. वज्रासनाने गुडघ्यांना बळ येतं, असं मी शिकले होते. आठवड्याभरात त्यांचा गुडघा सुजला. झिजलेला गुडघा पूर्ण दुमडून त्यावर अंगाचा भार टाकला की दुखणं वाढतं, हे मला त्यानंतर एका हाडांच्या डॉक्टरांनी समजावलं. आधी खुर्चीवर बसून पाय सरळ उचलून धरायचा, मांडीच्या पुढच्या स्नायूंत ताकद आणायची, वज्रासनाची घाई करायची नाही. एवढं मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर! मी मावशींच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला, पण वर्गाला त्या पुन्हा आल्या नाहीत.

साहेब, माझ्याकडे पदविका आहे. २१ जूनला, योग दिनी, सरकारने ठरवून दिलेला पंचेचाळीस मिनिटांचा योग प्रोटोकॉल मी न चुकता घेते. पण रक्तदाब असलेल्या माणसाला कपालभातीऐवजी काय द्यायचं, गरोदर बाईला काय चालेल, मणक्याची गादी सरकलेल्याला पुढे वाकवायचं की नाही, हे प्रश्न रोज समोर उभे असतात. एकदा पदविका घेतली की आमच्यासारख्यांचं शिक्षण तिथेच थांबतं. आता आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रांतही योगसत्रं होतात, म्हणजे आमच्यापुढे येणारी माणसं दुखणीच घेऊन येणार.

महाराष्ट्रात शिकवणाऱ्यांची वाण नाही. सांताक्रूझची योग संस्था १९१८ सालची. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो ते प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. ती शंभर वर्षांची विद्या कोकणात पोचवायची आहे, एवढंच माझं मागणं. कुडाळहून रात्रीच्या गाडीने पनवेल, तिथून लोणावळा, मग महिनाभर मुक्काम हे घरात सासूबाई अंथरुणावर आणि मुलगा दहावीला असताना मला जमलं नाही. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघींचंही तेच झालं. तेरेखोलच्या पलीकडे, गोव्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांसाठी दोनशे तासांचे अभ्यासक्रम चालतात. त्यांची फी आमच्या वर्षाच्या कमाईत बसत नाही.

म्हणून जिल्हा नियोजनाच्या निधीतून दरवर्षी सिंधुदुर्गनगरीत पंधरा दिवसांचं प्रशिक्षण ठेवा. घरी परतता येईल अशा वेळात, दहा ते चार. आणि ते १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ठेवा. तेव्हा होड्या किनाऱ्यावर असतात, आमच्या वर्गातल्या मासळी विकणाऱ्या बायकांना जरा सवड असते, त्यामुळे सकाळी शिकलेलं संध्याकाळी प्रत्यक्ष वर्गात करून बघता येईल. लोणावळ्याहून, मुंबईहून अनुभवी गुरुजन बोलवा. सिंधुदुर्गनगरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अस्थिरोग आणि स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टरांनी चार-चार तास दिले तरी आमचं केवढं काम होईल. कुणाला वर्गात घ्यायचं आणि कुणाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढं नीट कळलं तरी एखादा गुडघा वाचेल. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षाही जिल्ह्यातच देता यावी. मला ती द्यायला बाहेर जावं लागलं आणि दोन दिवसांचे वर्ग बुडाले.

आणखी एक गोष्ट, जी आमच्यापैकी कुणी मोठ्याने बोलत नाही. दिवसाला तीन वर्ग घेताना तेच आसन आम्ही कितीदा करून दाखवतो आणि तेही अंग न तापवता, बोलत बोलत. माझा उजवा खांदा गेली दोन वर्षं दुखतो. आवाज बसतो. स्वतःची साधना मात्र राहून जाते, कारण पहाटेचा वेळ वर्गाला गेलेला असतो. महिन्यातून एक रविवार तालुक्यातल्या शिक्षकांनी एकत्र यावं, कुणीतरी जाणत्याने आम्हाला शिकवावं, शवासनात आमच्याकडे कुणी लक्ष द्यावं. यासाठी पंचायत समितीचं सभागृह आणि येण्याजाण्याचं भाडं मिळालं तरी पुरे.

किनाऱ्यावर नवी हॉटेलं, होमस्टे होत आहेत आणि पाहुणे योगाचं विचारतात, हे खरं. ते कामही आमच्या मुलींना मिळावं. पण माझ्यासाठी पहिल्या त्या मावशी.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. प्रशिक्षणात काय काय असावं याचा दोन पानी आराखडा आम्ही शिक्षकांनी बसून तयार केला आहे. आपण सांगाल त्या दिवशी तो घेऊन येते, फक्त सकाळी आठनंतर, वर्ग सुटल्यावर.

आपली नम्र,
वेंगुर्ले तालुक्यातील एक योगशिक्षिका