चार गुणांचे गणित आणि एका मुलीचे पान : मा. शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सन्माननीय महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या कुशीतल्या एका गावात 19 वर्षांपासून नववी-दहावीला गणित शिकवतो. दहावीचे पेपरही बरीच वर्षे तपासतो आहे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांत काय दिसले ते गोपनीय असते, त्याबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. हे पत्र आहे आमच्या सराव परीक्षेतल्या एका पानाबद्दल. ते पान तपासायला मीच बसलो होतो.

प्रश्न बीजगणिताचा, अंकगणिती श्रेढीवरचा, चार गुणांचा. एक बचत गट पहिल्या महिन्यात 200 रुपये जमा करतो आणि पुढे दर महिन्याला आदल्या महिन्यापेक्षा 50 रुपये जास्त टाकतो. एकूण 8250 रुपये किती महिन्यांत जमतील? वर्गात आम्ही शिकवतो ती रीत ठरलेली आहे. बेरजेचे सूत्र लिहायचे, किमती घालायच्या, वर्गसमीकरण येते, त्याचे अवयव पाडायचे. 15 आणि उणे 22 अशी दोन उत्तरे निघतात. महिने उणे असू शकत नाहीत, म्हणून 15. सूत्राला एक, किमतींना एक, अवयवांना एक, उत्तराला एक, असे चार गुण.

या मुलीच्या पानावर सूत्र नव्हते. तिने लिहिले होते, ‘10 महिने धरले तर शेवटचा हप्ता 650. पहिला 200. मधला 425. 425 गुणिले 10 म्हणजे 4250. कमी पडतात.’ खाली, ‘12 महिने. शेवटचा 750. मधला 475. 5700. अजून कमी.’ त्याखाली, ‘15 महिने. शेवटचा 900. मधला 550. 550 गुणिले 15 म्हणजे 8250. जमले.’ आणि सर्वांत शेवटी, शाई संपत आलेल्या पेनाने पुसट झालेली एक ओळ: ‘रक्कम दर महिन्याला वाढतच जाते म्हणून दुसरे उत्तर येणार नाही.’

रात्रीचे साडेअकरा वाजले होते, गठ्ठ्यात अजून तीसेक पेपर होते. मी पानावर सूत्र शोधले, ते दिसले नाही. वर्गसमीकरण शोधले, तेही दिसले नाही. उत्तर बरोबर होते. एक गुण दिला आणि पान उलटले.

पेपर वाटले त्या दिवशी ती मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की कोयता उचलून निघतात, ती आजीजवळ राहते. ‘सर, उत्तर तर बरोबर आहे ना?’ मी म्हणालो, रीत कुठे आहे? ती म्हणाली, ‘हीच तर रीत आहे. दादा टनाचा हिशेब असाच करतेत. पहिल्या दिवशी किती, शेवटच्या दिवशी किती, मधलं काढायचं आन दिवसानं गुणायचं.’ मुकादमाकडून घेतलेली उचल किती फिटली हे बघण्यासाठी तिच्या वडिलांनी केलेला तो हिशेब होता.

मी पान पुन्हा वाचले. पहिले आणि शेवटचे पद मिळवून त्याची निमपट करायची आणि पदांच्या संख्येने गुणायचे, हे बेरजेचे दुसरे सूत्र दहावीच्या पुस्तकात छापलेले आहे. पोरीने तेच वापरले होते, फक्त अक्षरांऐवजी शब्दांत. आणि शेवटच्या ओळीत तिने जे लिहिले ते माझ्या नमुना उत्तरातही नव्हते. आम्ही उणे 22 खोडतो कारण महिने उणे नसतात. तिने मुळातच दुसरे उत्तर का नसणार याचे कारण दिले होते. मी एकाचे चार केले. पण ती टेबलापाशी आली नसती तर?

मग मी त्या पानाच्या पाच झेरॉक्स काढल्या, नाव झाकले आणि गणित शिकवणाऱ्या पाच मित्रांकडून तपासून घेतल्या. पाचही जण अनुभवी, प्रामाणिक. गुण आले 1, 1, 2, 3 आणि 4. ज्यांनी 1 दिला त्यांचे म्हणणे, गुण पायऱ्यांना असतात, इथे पायऱ्याच नाहीत. ज्यांनी 3 दिले ते म्हणाले, आकडे घालून बघितले म्हणून एक कापला. ज्यांनी 4 दिले त्यांनी मलाच विचारले, अजून काय पाहिजे?

महोदय, चार गुणांच्या एका प्रश्नात तीन गुणांची तफावत! गणिताचा पेपर 40 गुणांचा असतो. त्यात चार गुणांची दोन उदाहरणे सोडवायची असतात आणि विचाराला वाव देणारा पाचवा प्रश्न तीन गुणांचा असतो. म्हणजे 11 गुण असे आहेत जिथे मूल खरोखर डोके चालवते, आणि नेमके तिथेच तपासणाऱ्याची नजर सर्वांत जास्त बदलते. बरोबर पर्यायी रीतीला गुण द्यावेत हे तत्त्व कुणालाच अमान्य नाही. द्यायचे किती, यावर एकमत नाही, आणि ते घडवून आणण्याची आमच्याकडे काही सोयही नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. आपल्या मराठवाड्यावर कॉपीचा डाग आहे, तो अगदीच खोटाही नाही. दरवर्षी कॉपीमुक्त अभियान राबवावे लागते. त्यामुळे मधल्या पायऱ्या नसलेले बरोबर उत्तर दिसले की तपासणाऱ्याच्या मनात पहिला संशय तोच येतो. नुसते ‘15 महिने’ एवढेच लिहिले असेल तर मीही एकापेक्षा जास्त गुण देणार नाही. पण या पानावर विचार पायरीपायरीने मांडलेला होता. तो ओळखीच्या कपड्यांत नव्हता, इतकेच. संशयाची सवय लागली की चोरी आणि स्वतंत्र विचार दोन्ही एकाच रकान्यात जातात, आणि त्याची किंमत आमच्याकडच्या हुशार पोरांना मोजावी लागते.

दुसरीकडे चुकीच्या उत्तराचीही तीच गत. पहिल्याच ओळीत गुणाकार चुकला आणि पुढच्या सहा ओळी त्या चुकलेल्या आकड्यावर अगदी काटेकोर असल्या, तर काही तपासनीस एकच गुण कापतात, काही तिथेच लाल रेघ मारून मोकळे होतात. इंग्लंडच्या परीक्षा मंडळांत रीतीचे गुण वेगळे आणि अचूकतेचे गुण वेगळे लिहून दिलेले असतात. एक चूक एकदाच कापायची, ती पुढे ओढत न्यायची नाही, हा तिथला रोजचा नियम आहे. यासाठी पैसाही लागत नाही. गुणदान योजनेत, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे हे सांगणाऱ्या कागदात, चार ओळी वाढवल्या की झाले.

याहून मोलाची एक गोष्ट सांगतो. 1995 पासून दर चार वर्षांनी चौथी आणि आठवीच्या मुलांची गणित व विज्ञानाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी होते, तिला टिम्स म्हणतात. त्यात मुलांनी स्वतः लिहिलेल्या उत्तरांना दोन अंकी खूण देतात. पहिला अंक सांगतो उत्तर पूर्ण बरोबर, अर्धे बरोबर की चूक. दुसरा अंक सांगतो मुलाने कोणती रीत वापरली किंवा त्याची कोणती समजूत चुकली. शिवाय काही उत्तरपत्रिका दोन जण एकमेकांचे गुण न बघता तपासतात आणि दोघांचे किती जुळले ते मोजतात. मी हे वाचले तेव्हा वाटले, माझ्या 60 मुलांबद्दल असा दुसरा अंक मला कुणी दिला तर पुढच्या वर्षी काय शिकवायचे हे मला जून महिन्यातच कळेल. आज मला निकालपत्रकात फक्त 23, 31, 14 असे आकडे मिळतात. 14 वाला मुलगा समीकरण मांडायला चुकला की सोडवायला, ते कळायला काही मार्ग नाही.

निकालानंतर बोर्डाकडून तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि ती पुन्हा तपासून घेता येते, हे मला माहीत आहे. 2024 साली एका विषयाच्या छायाप्रतीला 400 रुपये आणि पुनर्मूल्यांकनाला 300 रुपये लागत होते, आणि छायाप्रत हाती आल्यावर पाच दिवसांत अर्ज करायचा. आमच्या गावात 700 रुपये म्हणजे किती दिवसांची मजुरी, हे आपल्याला सांगायला नको. नापास झालेले मूलसुद्धा या वाटेला जात नाही. जिला चाराऐवजी एक मिळाला आणि तरी ती पास झाली, ती तर कधीच जाणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे की तपासणी सुरू होण्यापूर्वी चार गुणांच्या प्रत्येक प्रश्नासाठी मुलांनी खरोखर लिहिलेली पाच-सहा उत्तरे, नावाविना, गुणांसह आणि गुण का दिले या कारणासह प्रत्येक परीक्षकाच्या हाती द्यावीत. त्यात एक वेडेवाकडे पण बरोबर उत्तर असावेच. ही उत्तरे परीक्षकांनी आधी स्वतः तपासावीत, मग नियामकांसोबत, म्हणजे परीक्षकांच्या तपासणीवर नजर ठेवणाऱ्यांसोबत, एक दिवस बसून वाद घालावा. वाद झाला पाहिजे. ते पाच मित्र आणि मी त्या एका पानावर दोन तास भांडलो आणि उठताना सगळे चारवर आलो होतो. 1 देणारेही.

निकालानंतर ती गुणदान योजना नमुना उत्तरांसकट सर्वांसाठी खुली करावी. सीबीएसई आपल्या गुणदान योजना संकेतस्थळावर टाकते, आपल्याला का जमू नये? प्रत्येक विभागीय मंडळात थोड्या उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून तफावत किती येते ते जाहीर करावे. आणि प्रश्नातच एक वाक्य छापावे: ‘कोणत्याही रीतीने सोडवा, पण कसे सोडवले ते लिहा.’ या एका वाक्याने कॉपीचा प्रश्नही बराच सुटेल, कारण उत्तर ऐकून लिहिता येते, स्वतःच्या शब्दांतला विचार ऐकून लिहिता येत नाही. तपासणीच्या दिवसांत परीक्षकाला इतर कामांतून मोकळे करावे, हेही ओघाने आलेच.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बोर्डाच्या परीक्षा पाठांतराऐवजी मूळ क्षमता तपासतील असे म्हटले आहे. आमच्या वर्गात मात्र आजही मुले विचारतात, ‘सर, सूत्र लिहिलं की एक गुण पक्का ना?’ आणि मी ‘हो’ म्हणतो, कारण ते खरे आहे. त्या मुलीलाही मी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सांगितले की बाई, तुझी रीत बरोबर आहे, पण बोर्डात सूत्र लिही. ती ‘बरं’ म्हणाली. शिक्षक म्हणून उच्चारलेल्या वाक्यांतले हे वाक्य मला सर्वांत जास्त टोचते.

त्या पानाची झेरॉक्स, नाव झाकून, या पत्रासोबत जोडली आहे. आपल्या नऊ विभागीय मंडळांतून प्रत्येकी एका परीक्षकाकडून ती तपासून घ्यावी आणि जे नऊ आकडे येतील ते आम्हाला कळवावेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक गणित शिक्षक,
ता. धारूर, जि. बीड