गादी गेली, राजवाडा राहिला

महोदय,

चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे सोलापुरात चीनविषयी बरेच लिहिले-बोलले जाते. त्यात ‘१९१२ मध्ये बालसम्राट पू-यीला राजवाड्यातून हाकलले’ असे सर्रास सांगतात. ते चूक आहे. (कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा; तेव्हा चीनच्या गादीवर हाच चार वर्षांचा मुलगा होता.) १२ फेब्रुवारी १९१२ ला गादी सोडल्याचे फर्मान राजमाता लोंगयू यांनी त्याच्या नावाने काढले. राजवाडा मात्र सुटला ५ नोव्हेंबर १९२४ ला.

मधली बारा वर्षे चालली ती नव्या प्रजासत्ताक सरकारने राजघराण्याशी केलेल्या आठ कलमी करारावर. सम्राट ही पदवी कायम, मान परक्या देशाच्या राजाचा. वर्षाला ४० लाख तैल चांदी. एक तैल म्हणजे तीन तोळ्यांहून थोडे अधिक. खासगी मालमत्तेला संरक्षण. आधीच्या सम्राटाची अपुरी समाधी सरकारी खर्चाने पुरी करायची. जुने नोकर राहतील, पण नवे खोजे (राजवाड्यातले नपुंसक सेवक) घ्यायचे नाहीत. मुक्काम तूर्त राजवाड्यातच, पुढे उन्हाळी महालात. मात्र हलायचे कधी, याची मुदत कुठेच घातलेली नव्हती. अक्कलकोटकडच्या वाचकांना संस्थानिकांचे तनखे आठवतील, पण त्यांना राज्यघटनेचा आधार होता. इथे होता तो कर्जबाजारी सरकारचा शब्द.

साहजिकच रक्कम थकत गेली. वाड्याचा खर्च मात्र सम्राटाच्याच थाटाचा. मग सोन्याच्या वस्तू बँकांकडे गहाण पडू लागल्या. खोजे आणि कारभारी चोऱ्या करत, आणि पू-यी स्वतःही मागे नव्हता! धाकटा भाऊ पूजिए त्याच्याबरोबर शिकायला येई. ‘बक्षीस’ म्हणून जुनी चित्रे आणि हस्तलिखिते त्याच्या हाती बाहेर जात. अशा हजारावर गुंडाळ्या गेल्या. जून १९२३ मध्ये भांडाराची मोजदाद निघाली आणि त्याच सुमारास राजवाड्यातला च्येनफू महाल जळाला. संशय खोज्यांवर गेला आणि पुढच्याच महिन्यात बहुतेकांना काढून टाकले.

करार मोडायला खरे निमित्त मिळाले ते १९१७ च्या जुलैत. सेनापती चांग शुनने पू-यीला बारा दिवस पुन्हा गादीवर बसवले. अकरा वर्षांच्या पोराचा त्यात काय दोष? पण वाड्यातला सम्राट कधीही वापरता येतो, हे सगळ्यांना दिसले. १९२४ मध्ये सेनापती फंग युशियांगच्या सैनिकांनी काही तासांची मुदत देऊन त्याला बाहेर काढले. नव्या अटींत पदवी गेली, तनखा ५ लाख युआनवर आला. आधी वडिलांचे घर, मग जपानी वकिलात, फेब्रुवारी १९२५ पासून त्येनचिन शहरातली जपानी वसाहत. कोटणीस जपानशी लढणाऱ्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते, तेव्हा पू-यी मांचुरियात जपानने बसवलेला सम्राट होता.

कोटणीसांवरील लेखासोबत सनावळी छापाल, तेव्हा १९१२, १९१७ आणि १९२४ या तीन स्वतंत्र नोंदी कराव्यात, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर