अकरावीत गणित सोडण्याची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे, त्यांच्या घरी एक निर्णय फारशी चर्चा न होता घेतला जातो, तो म्हणजे अकरावी विज्ञानला जीवशास्त्र घ्यायचे आणि गणित सोडायचे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत गणिताचा एकही प्रश्न नाही, एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे मानले जाते. 2025-26 पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली असली, तरी ऐच्छिक विषय ठरतात ते कॉलेजात प्रवेश निश्चित करताना, बहुधा खिडकीपाशी आणि घाईत. कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे या निर्णयाचा पुढे होणारा परिणाम मी जवळून पाहिला आहे, म्हणून हे पत्र.

नीटच्या 720 गुणांपैकी 360 गुण जीवशास्त्राला आणि प्रत्येकी 180 गुण भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राला असतात. जीवशास्त्रावर भर द्यावा, हे त्यामुळे उघडच आहे. परंतु गंभीरपणे तयारी करणारी बहुतेक मुले जीवशास्त्रात चांगले गुण मिळवतात आणि त्यांच्यातील खरा फरक पडतो तो भौतिकशास्त्रात. 2025 ची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका इतकी अवघड होती की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाही एकूण 686 गुणच मिळाले. भौतिकशास्त्राची भाषा तर गणिताचीच आहे. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दुसरेच प्रकरण ‘मॅथेमॅटिकल मेथड्स’ हे आहे. त्यात सदिश, विकलन आणि संकलन यांची तोंडओळख करून दिलेली आहे. गणित घेतलेल्या मुलाला विकलन अकरावीच्या दुसऱ्या भागात आणि संकलन बारावीत सविस्तर भेटते, त्यामुळे सुरुवातीला तोही अडखळतो, पण पुढे त्याचा हात बसतो. गणित सोडलेल्या मुलाच्या वाट्याला मात्र तेवढीच चार पाने येतात आणि त्यांवरच त्याने सरल आवर्त गतीपासून प्रत्यावर्ती विद्युतधारेपर्यंत सारे निभावायचे असते. रसायनशास्त्रातही सामू, नर्न्स्टचे समीकरण किंवा अभिक्रियेचा वेग काढताना लॉगरिदमवाचून गत्यंतर नसते, आणि परीक्षेत कॅल्क्युलेटर वापरता येत नाही.

दुसरी बाब जागांची. 2025 मध्ये नीटला 22 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत-बाहेर आहेत. ज्यांना प्रवेश मिळणार नाही, त्यांच्यापुढे नंतर कोणते दरवाजे उघडे राहतात, याचा विचार अकरावीतच व्हायला हवा. गणित नसले तरी औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी यांसाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) गटातून जाता येते, आणि बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस व पशुवैद्यकीय हे अभ्यासक्रमही नीटमधूनच मिळतात. अभियांत्रिकीसाठीचा पीसीएम (जीवशास्त्राऐवजी गणित असलेला) गट मात्र बंद होतो. उलट बाजूने नियम आता सैल झाला आहे. बारावी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याने नंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय उत्तीर्ण केला तरी तो नीटला पात्र ठरतो, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. बायफोकलला, म्हणजे दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय यांच्या जागी घेतल्या जाणाऱ्या व्यावसायिक विषयाला, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेताना जीवशास्त्र सुटलेल्या अनेकांना या सवलतीची कल्पनाच नसते.

सर्वांनीच गणित घ्यावे, असे मात्र मला म्हणायचे नाही. मराठी माध्यमातून येऊन विज्ञान प्रथमच इंग्रजीतून शिकणारा, दहावीला गणितात कसाबसा तरलेला विद्यार्थी चारही विषयांच्या ओझ्याखाली जीवशास्त्रही गमावून बसू शकतो. त्याने गणिताऐवजी भूगोलासारखा विषय घेणेच शहाणपणाचे. पण ज्याला दहावीला गणितात चांगले गुण आहेत, त्याने केवळ ‘नीटला लागत नाही’ म्हणून ते सोडणे मला पटत नाही. क्लासवाले तसा सल्ला देतात, कारण त्यांचे वेळापत्रक सुटसुटीत होते.

बारावीचे गुण वैद्यकीय प्रवेशाला लागतच नाहीत, हा समजही असाच पसरलेला आहे. गुणवत्तायादीत ते धरले जात नाहीत, हे खरे. परंतु भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते, आणि पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, तर राखीव प्रवर्गांना 40 टक्के गुण आवश्यक असतात. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी (माहिती तंत्रज्ञान) घेतल्याने बारावीची टक्केवारी वाढेल, पण या पात्रतेत आणि नीटच्या क्रमांकात त्याने काहीही फरक पडत नाही. त्यासाठी वेगळे शुल्क भरणाऱ्या पालकांना हे आधीच सांगितले गेले पाहिजे.

शिक्षण विभागाने पुढील प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत वैद्यकीय, अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी या शाखांना कोणते विषय अनिवार्य आहेत, याचे मराठीतील एक पान छापावे, आणि विषय ठरवण्यापूर्वी ते प्रत्येक पालकाच्या हाती द्यावे. कनिष्ठ महाविद्यालयांनीही गणित न घेतलेल्या मुलांसाठी अकरावीच्या पहिल्या महिन्यात लॉगरिदम, त्रिकोणमिती, सदिश आणि विकलन यांच्या स्वतंत्र तासिका ठेवाव्यात. त्यासाठी नव्या शिक्षकांची गरज नाही. गणित आणि भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र बसून वेळापत्रक आखले तरी हे जमण्यासारखे आहे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक, सांगली